काहून पटलं नाही

दिघोरे मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत मी सहा वर्षं बसलो. त्या सहा वर्षांत माझे केस किती गळले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. ठेवली असती तर मॅडमनी ती मागितली असती, तीही लेखी, आणि खाली कारणाची ओळ जोडायला लावली असती.

भंडाऱ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस. गिरीपुंजे साहेब मालक, आणि आम्ही चार-पाच नोकर. दूध संस्था, भातगिरण्या, मच्छीमार संस्था अशांना लागणारी सॉफ्टवेअर करून द्यायचो. मी पुण्यात तीन वर्षं नोकरी करून परतलो होतो आणि आपण भंडाऱ्यावर उपकार करायला आलो आहोत, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी ओळख करून दिली, "ह्या दिघोरे मॅडम. बिल्ड सर्व्हर ह्यांच्याकडे." पन्नाशीच्या बाई, सुती साडी, चष्मा कपाळावर, हातात शाळकरी स्टीलची फुटपट्टी. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"कुठचा तू?"

"पुण्याहून आलो."

"थे नाही विचारलं. गाव कोणतं?"

"नाकाडोंगरी."

"मंग तसं सांग ना बाबू. पुणं कायले सांगून राहिला?"

त्या दिवसापासून मी त्यांचा 'पुणेकर' झालो. ते नाव मी आजवर पुसू शकलेलो नाही.

बिल्ड सर्व्हर म्हणजे काय हे माझ्या आईला समजावायला मला दोन दिवाळ्या लागल्या, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. आम्ही प्रोग्राम लिहितो. तो तपासायचा, बांधायचा आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा, ही रोजची हमाली एक यंत्र करतं. त्या यंत्राला कामं लावून द्यावी लागतात. पुण्यात आम्ही ती पडद्यावर लावायचो. बटण दाबा, नाव टाका, सेव्ह करा, झालं. मॅडमच्या राज्यात पडद्यावर काही लावायचं नाही. एकच फाईल. तिच्यात फक्त लिहायचं की कोणकोणती कामं असली पाहिजेत. ती कशी उभी करायची, हे यंत्राचं यंत्र पाहून घेईल. रोज सकाळी दहाला ते यंत्र फाईल वाचायचं, लिहिलेलं आणि असलेलं ताडून पाहायचं, नसेल ते बनवायचं, आणि फाईलीत नसलेलं काही सापडलं तर न विचारता पुसून टाकायचं. मग सगळी कामं एका दमात चालवून, कोणकोणती कामं झाली त्याचा मेसेज आम्हाला पाठवायचं. याला ऑफिसात 'दहाची फेरी' म्हणत. दहाच्या फेरीच्या आधी मॅडम चहाही घेत नसत.

"फाईलीत हाये तर हाये. नाही तर नाही," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. दिवसातून चारदा ऐकायला मिळायचं.

आता त्या फाईलीचा एक नखरा असा, की तिच्यात प्रत्येक ओळ ठरल्या जागेवरूनच सुरू झाली पाहिजे. एक मोकळी जागा कमी-जास्त झाली की सगळंच बिघडतं. ही चूक दाखवायला संगणकात हजार सोयी आहेत. ओळ लाल होते, खाली रेघ येते. मॅडमना ते मान्य नव्हतं. त्या पडद्याला फुटपट्टी उभी लावून, एक डोळा मिटून, ओळी रांगेत आहेत का ते बघायच्या. मी म्हणायचो, "मॅडम, संगणक दाखवतो ना."

"त्याले चूक दिसते. वाकडं दिसत नाही."

त्यांच्या पडद्यावर फुटपट्टीच्या कडेची एक उभी रेघ कायमची उमटली होती.

पण हेही मी सोसलं असतं. खरी डोकेदुखी होती ती 'काहून'ची ओळ. फाईलीतल्या प्रत्येक कामाच्या डोक्यावर, 'काहून:' असं लिहून, ते काम का आहे हे एका ओळीत सांगायचं. यंत्र ती ओळ वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी. 'काहून: ह्या गावात टॉवर एकच, पहिला मेसेज जात नाही, म्हणून दोनदा.' 'काहून: ह्या गिरणीचा मालक सकाळी फोन उचलत नाही.' वर ऑफिसचा नियम असा, की फाईलीत एकाने केलेला बदल दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय लागू व्हायचा नाही. माझे बदल मॅडमच्या वाट्याला, म्हणजे माझ्या प्रत्येक बदलाची गाठ त्यांच्याशी. एका दूध संस्थेचं काम मला फक्त पंधरा मिनिटं पुढे सरकवायचं होतं. 'काहून: संस्थेने सांगितले' असं लिहून मी पाठवलं. परत आलं. खाली तीन शब्द होते: काहून पटलं नाही.

"अहो मॅडम, त्यांनी सांगितलं म्हणून केलं!"

"त्याईनं काहून सांगतलं?"

"मला काय माहीत?"

"मंग त्याईले विचार ना. फोन मोडला का तुया?"

मी फोन केला. संस्थेची दूधगाडी हल्ली फाटकावर अडकते, म्हणून आकडे उशिरा येतात, असं कळलं. ते लिहिलं. मंजूर झालं. पंधरा मिनिटांच्या बदलाला माझा अर्धा दिवस गेला, आणि त्या बाई शांतपणे पेरू खात होत्या.

खालच्या चहाच्या टपरीवरही त्यांनी एक कागद लावून ठेवला होता. 'चहा: पाच कप. त्यात बिनसाखरेचा: एक. वेळ: सव्वादहा.' टपरीवाल्या सुखदेवभाऊला हा कारभार फार आवडायचा, कारण त्याला वर येऊन विचारावं लागत नसे. एकदा गिऱ्हाईक आलं, मोठं गिऱ्हाईक, गिरीपुंजे साहेब खाली वाकून ओरडले, "सुखदेव, एक कप वाढव!" सुखदेवभाऊ वर आला तो पाचच कप घेऊन. "कागदावर पाचच हायेत ना जी," तो म्हणाला, "मॅडमनं बदलून देल्ला का मंग आनतो." साहेबांनी स्वतःचा कप पाहुण्यांपुढे सरकवला आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. माझ्याकडे का, ते मला अजून समजलेलं नाही. मॅडमकडे पाहायची त्यांची हिंमत नव्हती, हे त्याचं खरं कारण असावं.

आता खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं खरं ठरलेलंही मी पाहिलं आहे. एका उन्हाळ्यात दुपारी वादळ आलं, गल्लीत वीज पडली आणि सर्व्हरच्या पेटीतून जळका वास सुटला. मी पेटी उघडली तर आत काळं ठिक्कर. एकेचाळीस कामं गेली. पुण्यात असं झालं असतं तर आम्ही आठवडाभर एकमेकांना विचारत बसलो असतो, की कुठलं काम कसं लावलं होतं. मॅडम डबा उघडत होत्या.

"फाईल जळली का?"

"नाही, ती तर दुसरीकडे पण ठेवलेली असते."

"मंग बस. जेवून घे."

जेवण झाल्यावर त्यांनी साहेबांचा लॅपटॉप मागून घेतला, त्याला फाईल दाखवली आणि डबा धुवायला गेल्या. डबा धुऊन, पुसून, पिशवीत ठेवेपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस कामं उभी होती. मला आनंद झाला. तो त्या बाईसमोर दाखवायचा नव्हता, म्हणून मी पंख्याकडे पाहत बसलो.

हे एवढं सगळं सांगितलं, ते पुढचं सांगायचं टाळत होतो म्हणून.

गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडायचं ठरलं की तशी सूचना निघते. धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या गावांची एक मच्छीमार संस्था आमची गिऱ्हाईक होती. तिच्या सभासदांपैकी जे जे डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन नदीत उतरतात, त्या प्रत्येकाच्या फोनवर ती सूचना लगेच पोचवायची, हे आमचं काम. त्यासाठी गावागणिक एक काम फाईलीत होतं. रोज दहाच्या फेरीत प्रत्येक गावचे नंबर संस्थेच्या नोंदीतून उचलायचे, तपासायचे, त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि मेसेज पाठवणाऱ्या सर्व्हरवर चढवायचा. कालचा गठ्ठा जायचा, आजचा यायचा. ज्या गावाचं काम नाही, त्याचा गठ्ठा नाही.

पावसाळ्यातला एक शनिवार. मॅडम भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, "नदीपल्याडची टोली नवीन सभासद झाली. तेवढी घेऊन टाका जी." टोली म्हणजे थोड्या घरांची वस्ती. मी फाईल उघडली. गाव लिहायचं, काहून लिहायचं, आणि मंजुरी द्यायला मॅडम सोमवारी येणार. त्या आल्या की विचारणार, टोली काहून, पल्याडची काहून, आजच काहून. माझं डोकं आधीच तापलं. मी फाईल बंद केली, सरळ पडद्यावर गेलो, शेजारच्या गावाच्या कामाची नक्कल घेतली, नाव बदललं, सेव्ह केलं. दोन मिनिटं. काम चाललं, हिरवा दिवा लागला. अध्यक्षांना फोन करून सांगितलं, "झालं, काका." मनात म्हटलं, याला म्हणतात काम. खाली जाऊन समोसा खाल्ला.

सोमवारी अकराच्या सुमारास सूचना आली, दरवाजे उघडले. मेसेज सुटले. मॅडमनी त्यांची नेहमीची कटकट सुरू केली: प्रत्येक गावातल्या एकाला फोन लावून, "मेसेज आला का? वाचून दाखवा पाहू." मी आपल्या टोलीचा हिरवा दिवा बघायला म्हणून पडद्यावर गेलो. टोली नव्हती. वर पाहिलं, खाली पाहिलं. नव्हती. शनिवारी रागाच्या भरात जी मला आठवलीच नव्हती, त्या दहाच्या फेरीने रविवारी फाईल वाचली होती. फाईलीत टोली नाही, म्हणून पुसून टाकली होती. पुसलेल्याचं नाव मेसेजात येत नाही, आणि झालेल्यांची यादी मी कधी नीट वाचत नसे. आणि मॅडम फोन लावत होत्या ती यादीही फाईलीवरूनच काढलेली. त्यांना टोली ठाऊकच नव्हती. ठाऊक होती ती फक्त मला.

खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की गुपचूप पुन्हा बटण दाबावं. पण आता गठ्ठा चढवून मेसेज केव्हा जाणार, आणि नदीत असलेल्या माणसाला तो मिळणार कसा? पाणी टोलीपर्यंत पोचायला दोन-अडीच तास लागतात. मी उठून मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि सांगितलं. सगळं, समोशासकट.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "नंबर सांग."

टोलीच्या म्होरक्याचा, रामाजीचा फोन लागेना. तो नदीत. घरचा नंबर लागला. त्याची बायको, इंदूबाई.

"इंदूबाई, मी भंडाऱ्याहून बोलून राहिली. धरनाचं पानी सोडलं हाये. तुमचे किती डोंगे नदीत हायेत?"

"सात गेलेत जी."

"लगेच कोनाले तरी काठावर धाडा. बोंबलत जा म्हना. फोन बंद करू नका तुमी. एकेक डोंगा आला का मले नाव सांगजा."

मॅडमनी एका कागदावर एक ते सात आकडे टाकले. फुटपट्टीने रेघ मारून टाकले, हे मला अजून दिसतं. मग आम्ही बसून राहिलो. फोन उघडा, त्यातून कोंबड्यांचा आवाज, बायांचा गलका. अर्ध्या तासाने पहिलं नाव आलं. मग लागोपाठ तीन. मग रामाजी. मग सहावा. सातव्या आकड्यासमोर काही नाही.

"सातवा कोन?"

"दौलत हाये जी. त्याचं जाळं लय खाली रायते, डोहाजवळ. पोट्टे गेलेत काठाकाठानं."

दीड तास होऊन गेला होता. साहेब दारात उभे होते. मॅडम फुटपट्टी हातात धरून त्या रिकाम्या आकड्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्यावर ओरडावं, मला घरी जा म्हणावं, असं मला फार वाटलं. त्यांनी फोनचा आवाज वाढवला.

"आला जी!" फोनमधून इंदूबाई किंचाळल्या. "दौलत आला! जाळं तिथंच टाकून आला. शिव्या देऊन राहिला."

"कोनाले?"

"तुमालेच जी."

"देऊ द्या," मॅडम म्हणाल्या, आणि सातव्या आकड्यासमोर त्यांनी दौलत लिहिलं.

दुपारी इंदूबाईंनी फोन करून सांगितलं, डोंगे रोज बांधतात तिथवर पाणी आलं होतं.

मॅडमनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "लिव." मी टोलीचं काम फाईलीत लिहिलं आणि वर काहूनच्या तीन ओळी, माझी चूक, माझी घाई, माझी माफी. त्यांनी तिन्ही पुसल्या. "माफी कोनाले पायजे? काहून लिव." मग मी लिहिलं, 'काहून: टोलीतले सात डोंगे नदीत जातात, आणि हे गाव लिहायचं राहिलं होतं.' त्यांनी पट्टी लावून पाहिलं आणि मंजूर केलं. माझा एक बदल पहिल्या फटक्यात मंजूर झाला, तो हा.

चहा आला तेव्हा त्या बोलल्या, तेही माझ्याकडे न बघता.

"आमचं गाव धरनात गेलं. मोजनीवाले आले तवा माया काका मासोळीले गेल्ता, तीन दिवस. बाबानं सांगतलं, माया भाऊ हाये, परवा येते. त्याईनं हो म्हटलं. बाबाले वाटलं झालं. नव्या गावात प्लाट भेटले, काकाले नाही. अकरा वर्सं आमच्या ओसरीत झोपला तो. सांगनारा खोटा नव्हता, आयकनारा वाईट नव्हता. लिवलं नव्हतं, एवढंच."

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी माझा एक साधा बदल परत आला, 'काहून पटलं नाही', तेव्हा मला कधी नव्हे ते बरं वाटलं. तो चांगुलपणा दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा भांडत होतो.

त्यांचे यजमान जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडायचं आलं, आणि पवनीकडे त्याच नव्या गावात राहायला जायचं ठरलं. साहेबांनी शाल-नारळ आणला. मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्यात शाल कायले? मी त्यांना गाडीवरून बसस्टँडला सोडलं. बस हलली तरी खिडकीतून त्या मला सांगत होत्या, की बुधवारी डिस्कची जागा तपासजो. मी हात हलवला आणि मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे मंजुरीसाठी एक बदल येऊन पडला होता. कोणी काय मंजूर करायचं आणि दहाच्या फेरीचा मेसेज कोणाच्या फोनवर जायचा, याचीही यादी फाईलीतच होती. त्या यादीतून मॅडमनी स्वतःचं नाव काढलं होतं. 'काहून: सोडून गेली.' मी खाली लिहिलं, 'काहून पटलं नाही,' आणि परत पाठवलं.

पाच मिनिटांत फोन. "पुणेकर, डोकं फिरलं का तुयं? गेली म्हंजे गेली. याच्यात पटाले काय हाये?"

"नीट कारण लिहा, मॅडम."

त्यांनी पुन्हा पाठवलं. 'काहून: वय झालं.' परत. 'काहून: गावात नेट नाही.' हे तर त्यांनी गावातल्या नेटवरूनच पाठवलं होतं. परत. चौथ्यांदा, 'काहून: तुया बापाचं काय जाते.' तेही मी परत पाठवलं. मग त्या थकल्या, किंवा त्यांनी तसं दाखवलं. नाव यादीत तसंच राहिलं.

मागच्या पोळ्याच्या आधी कामासाठी पवनीकडे जाणं झालं. म्हटलं भेटून घ्यावं, आणि आता मंजूर करतो म्हणून सांगावं. किती दिवस हा पोरखेळ? नव्या गावाचे रस्ते सरळ, घरांना नंबर. दहाला दोन-तीन मिनिटं होती. गावाबाहेरच्या मोरीवर मॅडम उभ्या होत्या, हातात फोन, तो हात वर. नेट तिथेच येत असावं. मी अलीकडे हापशीजवळ गाडी थांबवली.

माझ्या खिशात फोन थरथरला, दहाच्या फेरीचा मेसेज. तेव्हाच त्यांनी हात खाली घेतला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागल्या. ओठ हलत होते. एकेक गाव. टोली सगळ्यात शेवटी लिहिलेली, म्हणून शेवटीच येते. बोट तिथे पोचून थांबलं. मग चष्मा पुन्हा कपाळावर गेला, फोन पिशवीत गेला, आणि त्या घराकडे वळल्या.

मी हाक मारली नाही. गाडी फिरवली. डांबरी रस्त्याला लागलो नाही तोच फोन वाजला.

"पुणेकर, आज मेसेज दोन मिनिटं उशिरा आला. काहून?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि कारण शोधायला लागलो.